गोळी कुणाला लागू पडते?

आत्याला आणि तिच्या शेजारणीला एकच दुखणं आहे: नाडी बेताल चालते. दोघी सेलूहून परभणीला एकाच डॉक्टरांकडे जातात. दोघींना एमिओडॅरोन ही ताल सावरणारी एकच गोळी सुरू झाली. शेजारणीची धडधड महिन्याभरात थांबली. आत्याची नाडी चार महिने झाले तरी तशीच. "तिला लागली, मग मला का लागंना?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा पटकन उत्तर देता आलं नाही. हृदयरोगतज्ज्ञही नेमका हाच प्रश्न सोडवायला बसले आहेत.

या दुखण्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना, म्हणजे अलिंदांना, एका ठिकाणाहून विजेचा इशारा मिळतो आणि ते एकदम आकुंचन पावतात. या आजारात तो ताल मोडतो. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इशारे भरकटत फिरतात आणि कप्पा नुसता थरथरतो. त्यातले बरेच इशारे मधल्या गाठीपाशी अडतात, म्हणून खालचे कप्पे तग धरतात. पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, आणि ती गुठळी मेंदूत गेली की लकवा. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

आता शेळ्यांची गोष्ट. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात ती सांगायलाच हवी. १९९५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे मॉरिट्स अलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांच्या हृदयात यंत्र बसवून हा बेताल पुन्हा पुन्हा सुरू केला. सुरुवातीला तो काही सेकंदांत आपोआप थांबायचा. यंत्र चालूच ठेवल्यावर काही दिवसांतच तो २४ तासांहून जास्त टिकू लागला. म्हणजे बेताल स्वतःच पुढच्या बेतालाची वाट करून ठेवतो. कप्पा ताणतो, मांसपेशींच्या मधे चिवट तंतू भरतात, इशारा सरळ जाईनासा होतो. अशा वेळी गोळीनं काय करावं?

म्हणून गोळी लागू पडेल का, याचा उपयोगी अंदाज दोन साध्या गोष्टींवरून येतो: दुखणं किती जुनं आणि टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा अलिंद किती फुगलेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ईस्ट-एएफनेट ४ या चाचणीत निदानाला वर्ष उलटलं नव्हतं असे २,७८९ रुग्ण होते. निम्म्यांचा ताल लगेच गोळ्यांनी किंवा अ‍ॅब्लेशननं, म्हणजे बेताल इशाऱ्यांची जागा नळीवाटे निकामी करून, सावरायचा प्रयत्न झाला. लकवा, हृदयविकारानं मृत्यू, हृदयासाठी दवाखान्यात भरती होणं हे सगळं मिळून त्यांच्यात वर्षाला शंभरामागे ३.९ निघालं, नेहमीच्या उपचारात ५.०. "होईल कमी आपोआप" म्हणून धडधड अंगावर काढणारी माणसं आपल्याकडे किती आहेत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हा फरक मला लहान वाटत नाही.

जनुकांचाही वाटा आहे. २००७ मध्ये आइसलँडच्या संशोधकांना चौथ्या गुणसूत्रावर, पिट्क्स-२ या जनुकाच्या शेजारी, हा आजार वाढवणारे बदल सापडले. पुढे अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात दिसलं की तिथल्याच एका बदलावरून ताल सावरणाऱ्या औषधांचा प्रतिसादही बदलतो. ठोके आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांपैकी मेटोप्रोलॉलचं वेगळंच. या औषधाला यकृतातलं एक विकर (एन्झाइम) मोडतं, आणि ते विकर मंद असलेल्या माणसात तेवढ्याच गोळीचं प्रमाण रक्तात कितीतरी जास्त चढतं.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे काम संगणकावर सोपवलं. हृदय कमजोर असलेल्या १५,६५९ रुग्णांची जुनी माहिती त्याला दिली. नाडी बेताल असलेल्यांना बीटा-ब्लॉकरनं आयुष्य वाढत नाही, असं सरासरी सांगत होती. संगणकानं त्यांच्यातूनच तुलनेनं तरुण रुग्णांचा एक गट वेगळा काढला, त्यांच्यात मृत्यू स्पष्टपणे कमी झाले होते. सरासरीच्या आड माणसं अशी लपतात.

आत्याचं उत्तर मात्र तिच्या इको रिपोर्टात होतं. लहानपणी घसा दुखून सांधे सुजायचे, त्या संधिवाती तापानं झडप अरुंद झालेली, आणि त्यामागचा डावा अलिंद ५२ मिलिमीटर. शेजारणीची झडप चांगली, अलिंद ३७. डॉक्टरांनी आत्याचं एमिओडॅरोन बंद केलं. त्या गोळीत आयोडीन भरपूर असतं, थायरॉइड बिघडू शकतं. आता ठोके आवरायला मेटोप्रोलॉल आणि गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन. संधिवाती झडपेच्या रुग्णांत जुनं वॉरफॅरिनच नव्या रिव्हारॉक्सॅबनपेक्षा सरस, हे २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसलं आहे. त्यासाठी दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा आकडा, तपासावा लागतो. पालेभाज्यांनी वॉरफॅरिनचा जोर कमी-जास्त होतो, म्हणून मेथी-पालक सोडायची नाही, फक्त एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं करायचं नाही. शेजारणीचीही रक्त पातळ करणारी गोळी चालूच आहे, ताल सावरला तरी.

"म्हंजे गोळी वाईट नव्हती," आत्या म्हणाली, "माझ्यासाठी ती नव्हतीच."