मातीची भिंत थंडी अडवत नाही

मातीचं घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार, हे आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातला दुसरा भाग कुणी तपासून बघत नाही. दाबून भरलेली माती उष्णता अडवत नाही, साठवते. 30 सेंटीमीटर जाड भिंतीतून दुपारची धग आत पोचायला साधारण 8 ते 10 तास लागतात. दिवस तापणारे आणि रात्री गार असतील तर ही दिरंगाई फार मोलाची. पण थंडी आठवडेच्या आठवडे हटलीच नाही, तर घरातली ऊब त्याच भिंतीतून निघून जात राहते.

तिथे पेंढा हवा. गव्हाचं काड आतून पोकळ असतं, आणि घट्ट बांधलेल्या गासडीत काडांच्या मधली हवाही जागच्या जागी अडकते. अडकलेल्या हवेतून उष्णता मोठ्या मुश्किलीने जाते. गासडीची उष्णतावाहकता, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, सुमारे 0.06 वॉट प्रति मीटर-केल्विन, तर घट्ट मातीची 0.8 च्या आसपास. म्हणजे 45 सेंटीमीटरच्या गासडीइतका अडसर नुसत्या मातीने उभा करायचा तर भिंत 6 मीटर जाड लागेल! अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर लाकूड मिळेना, तेव्हा 19व्या शतकाच्या अखेरीस लोकांनी गासड्या रचूनच घरं बांधली. तिथल्या आर्थर गावातलं 1928 चं गासड्यांचं चर्च अजून उभं आहे.

अडकलेली हवा हलू लागली की सगळं मुसळ केरात. म्हणून दोन गासड्यांमधली, चौकटीलगतची प्रत्येक फट चिखलात भिजवलेल्या काडाने ठासून भरावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तिथेच घाई होते. साच्यात काड-माती ठोकून भिंत करायची असेल, तर काडाला पातळ चिखलाचा फक्त हात लागावा: मूठ दाबल्यावर काडं एकमेकांना धरून राहावीत, पाणी ठिबकू नये. माती जास्त घातली की भिंत दणकट वाटते खरी, पण हवेची जागा माती घेते. जाडीही 30 सेंटीमीटरच्या आत ठेवलेली बरी, नाहीतर गाभा वाळण्याआधीच बुरशी धरतो.

माझ्या मते सर्वांत समंजस भिंत दोन्ही मिळून होते. मध्ये पेंढा, आतून 3-4 सेंटीमीटर मातीचा गिलावा, बाहेरून चुन्याचा. आतली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, हवेतला दमटपणा शोषते आणि परत सोडते. सिमेंटचा गिलावा मात्र टाळाच: बारीक तड्यांतून पाणी आत शिरतं आणि वाफ होऊन बाहेर पडायला त्याला वाट मिळत नाही. पेंढ्यातली ओल 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की तो कुजायला लागतो. उंच जोतं आणि लांब वळचण बहुतेक पाऊस अडवतात. तरी खिडकीच्या उंबऱ्याखाली ओल मोजायची सळई खुपसून बघावी, कारण पाणी बहुधा तिथूनच मुरतं.