सँडी कोफॅक्सचा डावा हात

नोव्हेंबर 1966 मधे अमेरिकेतला डावखुरा पिचर (बॉल टाकणारा, आपल्याकडच्या बॉलरसारखा) सँडी कोफॅक्सने बेसबॉल सोडलं तेव्हा तो फक्त 30 वर्षांचा होता आणि त्याच सीझनला त्याने 27 मॅच जिंकल्या होत्या (बेसबॉलमधे मॅचचा विजय किंवा पराभव पिचरच्या नावावर लागतो). फॉर्म जोरात होता, पण डावं कोपर सरळच होईना, कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घ्यावी लागली इतकं.

मूळचा ब्रुकलिनचा, 1955 ला डॉजर्स या टीमकडून खेळायला लागला. पहिल्या 6 सीझनमधे 36 विजय आणि 40 पराभव, वेग भरपूर पण बॉल कुठे जाईल याचा नेम नाही. 1961 च्या सुरुवातीला एका प्रॅक्टिस मॅचमधे कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा) नॉर्म शेरीने त्याला सांगितलं की एवढा जीव काढून टाकू नकोस, जरा सैल सोड. आणि खरंच पुढच्या 6 सीझनमधे 129 विजय, 47 पराभव! सगळी ताकद लावायला गेलं की स्नायू आखडतात आणि बॉल हातातून सुटायची वेळ चुकते, आणि इथे ती वेळ अगदी किंचित चुकली तरी बॉल समोर पोचेपर्यंत फूटभर भरकटतो.

बॅटर म्हणायचे की त्याचा फास्टबॉल येता येता वर उठतो. तसं होत नाही. बोटं बॉलच्या मागून खाली ओढली जातात, त्यामुळे बॉल उलटा फिरत जातो आणि हवा खाली ढकलतो, म्हणून हवा त्याला वर ढकलते. याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात. हा जोर गुरुत्वाकर्षणापेक्षा कमीच असतो, म्हणजे बॉल खालीच येतो पण नेहमीपेक्षा कमी, आणि बॅटरच्या मेंदूने नेहमीच्या हिशोबाने बॅट फिरवलेली असते म्हणून बॉल वरून निघून जातो. पिचरपासून बॅटरपर्यंतचं अंतर 18.44 मीटर, ताशी 150 किमीचा बॉल साधारण 0.4 सेकंदात पोचतो, तेवढ्यात नीट बघून ठरवायला वेळच कुठे असतो. त्याचा कर्व्हबॉल याच्या बरोब्बर उलटा, टॉपस्पिनवाला, लेगस्पिनरचा बॉल जसा अचानक डिप होतो तसा धपकन खाली. हात तोच, अ‍ॅक्शन तीच, मग बॅटरने ओळखायचं तरी कसं!

9 सप्टेंबर 1965 ला शिकागो कब्ज या टीमच्या 27 च्या 27 बॅटरना त्याने एकालाही बेसवर (धावून गाठायच्या टप्प्यावर) पोचू न देता आउट केलं, म्हणजे परफेक्ट गेम, त्यातले 14 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट. त्या सीझनला 382 स्ट्राइकआउट, 1900 नंतरच्या काळातला तेव्हाचा रेकॉर्ड.

आणि हे सगळं तो कसल्या हाताने करत होता ते बघा. पिचर बॉल टाकतो तेव्हा खांद्यापासून हात सेकंदाला साधारण 7000 अंश या वेगाने आत फिरतो, माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी एक. या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) ताणलं जातं आणि बाहेरच्या बाजूला हाडं एकमेकांवर दाबली जातात. ऑगस्ट 1964 मधे स्वतः धावताना बेसवर परत झेप घेताना तो डाव्या हातावर पडला, नंतर डॉ. रॉबर्ट कर्लन यांनी संधिवाताचं निदान केलं. कूर्चा झिजली की परत नीट भरून येत नाही, कारण तिला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. 1965 च्या वसंतात एका सकाळी तो उठला तर आत रक्त साकळून अख्खा हात काळानिळा पडलेला.

मग काय, मॅचआधी कॅप्सोलिन नावाचं मलम चोळायचं, ज्यात मिरचीतलं कॅप्सेसिन असतं, आपण मिरच्या कापल्यावर हाताची जी आग होते तीच. ती आग एवढी की दुखणं मेंदूला कमी जाणवतं, बरं काहीच होत नाही. मॅचनंतर कोपर बर्फाच्या पाण्यात, सूज उतरायला गोळ्या, शिवाय कॉर्टिसोनची इंजेक्शनं. अशा हाताने 1965 आणि 1966 मिळून त्याने 53 मॅच जिंकल्या. मला तर त्या रेकॉर्डचा आकडा वाचताना आधी तो बर्फाचा टबच दिसतो.

शेवटी त्याने सरळ सांगितलं की पुढची बरीच वर्षं जगायचंय आणि ती धडधाकट शरीराने जगायचीत. 1972 ला 36 व्या वर्षी तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधे (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला, तिथे निवडला गेलेला सगळ्यात तरुण खेळाडू.

25 सप्टेंबर 1974 ला कर्लन यांचेच सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्याच दुसऱ्या डावखुऱ्या पिचरच्या, टॉमी जॉनच्या कोपरातलं तुटलेलं लिगामेंट त्याच्याच उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून बदललं. टॉमी जॉनने त्यानंतर आणखी 164 मॅच जिंकल्या. त्या ऑपरेशनच्या दिवशी सँडी 38 वर्षांचा होता.