नव्या वकिलांसाठी लोक अभिरक्षक कार्यालयाची वाट: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

लॉच्या शेवटच्या वर्षातली मुलं हमखास विचारतात, "गरिबांच्या केसेस लढायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?" त्यांना बहुतेक वेळा सांगितलं जातं की आधी तीन वर्षं एखाद्या सिनिअरकडे काढा, मग विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनेलवर या. हे उत्तर अर्धंच आहे. पॅनेलवरच्या वकिलाला साधारणपणे तीन वर्षांच्या वकिलीची अट आहे, हे खरं. पण 'सहाय्यक लोक अभिरक्षक', म्हणजे याच यंत्रणेसाठी आरोपींचा बचाव करणारा पूर्णवेळ वकील, या पदासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेत फौजदारी वकिलीचा अनुभव शून्य ते तीन वर्षं असा धरला आहे. म्हणजे नवी सनद (वकील म्हणून नोंदणी) हातात असलेल्यालाही अर्ज करता येतो. घरात कुणी वकील नाही आणि बिनपगारी ज्युनिअरशिप परवडत नाही, अशा मुलामुलींनी तर आधी हेच पद पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

सनदेच्या आधी

कायद्याच्या विद्यार्थ्याला सनद मिळेपर्यंत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात, सचिवांच्या नावे द्यायचा. सोबत ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, कॉलेजचं बोनाफाईड आणि फोटो ठेवा. निवड झाली की प्रशिक्षण मिळतं.

कारागृहातल्या विधी सेवा केंद्रावर काम मिळालं तर सोडू नका. तिथे कैद्याचं नाव, गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख आणि वकील आहे की नाही, एवढं नीट लिहून घेतलं तरी पुष्कळ कळतं. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्क तयार होतो. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर सुटकेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम ४७९ बघावं लागतं. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना मात्र ते लागू नाही. कित्येकांचा जामीन मंजूर झालेला असतो, पण सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार नसतो. अशा माणसाचं नाव वेळेत सचिवांपर्यंत पोहोचवणं, हे विद्यार्थ्याच्या हातून होण्यासारखं मोठं काम आहे.

सनद

अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होतो. वय २१ पूर्ण हवं आणि कायद्याची पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची हवी. दहावी, बारावी, पदवी आणि लॉच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, चारित्र्याचे दाखले, लागू असल्यास जात प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र, एवढी तयारी ठेवा. कुठे पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर ती लपवू नका. नोकरी करताना वकिली करता येत नाही. कागद अडकतात ते बहुधा नावावरून. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

फीबद्दल ठाम राहा. वकील अधिनियम, १९६१ प्रमाणे नोंदणी शुल्क एकूण ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला आहे. स्टॅम्पचा खर्च वेगळा.

यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेपासून दोन वर्षांत ती पास व्हावं लागतं. प्रश्न शंभर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि टिपणं नसलेली मूळ अधिनियमांची पुस्तकं सोबत नेता येतात. पास झाल्यावर वकिलीचं प्रमाणपत्र मिळतं.

लोक अभिरक्षक कार्यालय

हे कार्यालय फक्त फौजदारी बचावाचं काम करतं: रिमांडपासून जामीन, खटला आणि अपिलापर्यंत. मुख्य पदासाठी किमान दहा वर्षांची आणि उपमुख्य पदासाठी सात वर्षांची फौजदारी वकिली लागते. सहाय्यकाकडून कायद्याचं संशोधन, चांगलं लेखन, संगणकाची सवय आणि बचावाच्या वकिलाच्या नीतीची जाण अपेक्षित असते. निवड समितीचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात. नेमणूक कराराची, सुरुवातीला दोन वर्षांची आणि पूर्णवेळ असते, त्यामुळे खासगी केसेस घेता येत नाहीत. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

अर्जासोबत सनद, बार परीक्षेचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि कामाचा तपशील जोडतात. स्वयंसेवक म्हणून केलेल्या कामाचं प्रमाणपत्र असेल तर तेही लावाच. मुलाखतीत त्यावर प्रश्न आले, तर तुमच्याकडे प्रत्यक्ष पाहिलेलं सांगण्यासारखं असेल.

ज्यांना दिवाणी, कौटुंबिक किंवा कामगारांच्या केसेस करायच्या आहेत, त्यांच्यासाठी पॅनेलच योग्य. कोणाला मोफत वकील मिळतो हे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे: महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. पॅनेलवरच्या वकिलाने अशा पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मानधन प्राधिकरण देतं.

लोक अभिरक्षक आणि पॅनेल, दोन्हींच्या जाहिराती जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि प्राधिकरणाच्या सूचना फलकावर लागतात. मुदत थोडीच असते, म्हणून सगळ्या कागदांचे साक्षांकित संच आधीच करून ठेवा आणि सचिवांच्या कार्यालयात दर महिन्याला एकदा चौकशी करत जा.