टीव्हीचा पडदा १६:९ कसा झाला

जुन्या संगीत नाटकाचं किंवा मैफिलीचं चित्रीकरण आजच्या टीव्हीवर पाहताना माणसं आडवी फुगलेली दिसतात, नाहीतर वरून गायकाचं डोकं आणि खालून तबल्यावरचे हात कापलेले असतात. पडद्याच्या रुंदीचं उंचीशी असलेलं प्रमाण बदललं आणि जुनी चौकट नव्या चौकटीत कोंबली गेली, त्याचा हा परिणाम. हे प्रमाण ठरलं १९८० च्या दशकात.

त्याआधीचं थोडक्यात. ३५ मिमी फिल्मवर कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची ४:३ चौकट १८९० च्या दशकात अमेरिकेत रुळली. बोलपटात ध्वनीच्या पट्टीने फिल्मची थोडी रुंदी घेतली, म्हणून १९३२ मध्ये १.३७:१ पक्कं झालं. टीव्हीने ४:३ च उचललं. मग टीव्हीने पळवलेला प्रेक्षक परत आणायला चित्रपटांनी पडदा रुंद केला. १९५३ चं सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आधी २.५५:१ होतं, पुढे २.३५:१ झालं, भारतात ते १९५९ मध्ये पोचलं. अमेरिकेतले इतर बरेच चित्रपट १.८५:१ वर गेले, युरोपात १.६६:१ चालत राहिलं. मुंबईहून १९७२ मध्ये टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा आपल्याकडेही ४:३ आलं आणि पुढे तीन दशकांहून जास्त काळ तेच राहिलं.

हाय डेफिनिशन टीव्हीची तयारी सुरू झाली तेव्हा प्रश्न आला की नवा पडदा नेमका किती रुंद करायचा. जपानी अभियंते ५:३ धरून काम करत होते. अमेरिकेतल्या एका अभियंत्याने वेगळी वाट धरली. त्याने ४:३ पासून २.३५:१ पर्यंतच्या प्रचलित प्रमाणांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांमध्ये सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण एकच निघालं: सुमारे १.७७. हिशेब करून पाहता येतो. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार साधारण ३.१३, त्याचं वर्गमूळ १.७७. त्याच्या अगदी जवळचा सोपा अपूर्णांक १६/९, म्हणजे ४/३ चा वर्ग.

या निवडीवर टीका भरपूर झाली. या प्रमाणात तेव्हा कोणी चित्रपट काढत नव्हतं. हॉलिवूडच्या छायालेखकांना २:१ हवं होतं. पण १६:९ मध्ये तोटा दोन्हीकडे सारखा वाटला जातो, आणि माझ्या मते हीच त्याची खरी जमेची बाजू आहे. ४:३ चं चित्र त्यात पडद्याचा ७५ टक्के भाग व्यापतं, २.३५:१ चं सुमारे ७६ टक्के. जुन्या ४:३ पडद्यावर सिनेमास्कोप चित्रपट पूर्ण दाखवला तर जेमतेम ५७ टक्के भाग वापरला जाई. म्हणजे उरलेल्या जागेतल्या काळ्या पट्ट्या गृहीत धरूनच हे प्रमाण निवडलं होतं.

आपल्याकडे २०१० च्या सुमारास एचडी वाहिन्या आल्या आणि नेमक्या त्या पट्ट्याच नकोशा झाल्या. ४:३ चित्र पडदाभर ताणलं की प्रत्येक चेहरा ३३ टक्के जास्त रुंद होतो. कापून बसवलं तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. आपल्याकडच्या कितीतरी कलावंतांचं हलतं चित्रण फक्त त्या ४:३ चौकटीतच उरलं आहे, म्हणून हा चौथा हिस्सा गमावणं मला अक्षम्य वाटतं.

जुन्या टेपा संगणकावर घेताना आणखी एक घोळ होतो. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीची फाइल ७२० × ५७६ असते. भागाकार केला तर १.२५, म्हणजे ५:४ येतं. पण त्या पद्धतीतला पिक्सेल चौरस नसतो. चित्र दाखवायचं असतं ४:३ मध्येच. चौरस पिक्सेलची फाइल करायची तर उंची ५७६ ठेवून तिला ४/३ ने गुणायचं, रुंदी ७६८ येते. हे विसरलं की माणसं उलट बारीक दिसतात.



टीव्हीने १६:९ स्वीकारून फार काळ लोटला नव्हता तोच फोन उभा धरला गेला. २०१६ नंतर ९:१६ झपाट्याने पसरलं. आडव्या चित्रातून पूर्ण उंचीचा उभा तुकडा काढला तर १९२० पैकी सुमारे ६०८ पिक्सेल रुंदी हाती येते, म्हणजे ३२ टक्क्यांहून कमी. आणि ४:३ च्या जुन्या मैफिलीतून तसाच तुकडा काढला तर ४२ टक्के उरतं. त्यात गायक आला तर तबलजी येत नाही.