प्रोजेक्ट सुरू करताना एडिटरमध्ये नेमका कोणता फोल्डर उघडायचा?

‘माझ्या कॉम्प्युटरवर ॲप नीट चालतं, तुमच्याकडे मात्र बिल्डच होत नाही.’ आम्ही वेब ॲप सर्व्हरवर चढवून देतो, त्यामुळे ही तक्रार सतत कानावर येते. (बिल्ड म्हणजे कोडपासून सर्व्हरवर ठेवण्याजोगं रूप तयार करणं.) बहुतेक वेळा कोड बरोबर असतो, चुकलेला असतो तो व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडलेला फोल्डर.

एडिटर आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) तुमच्याकडे आहेत असं धरतो. समजा, तुम्ही ‘प्रोजेक्ट्स’ हा फोल्डर उघडला आणि टर्मिनलमध्ये व्हीट या नवा प्रोजेक्ट उभा करणाऱ्या साधनाची कमांड देऊन ‘दुकान’ नावाचं ॲप तयार केलं. आता ‘दुकान’ हा नवा फोल्डर आत तयार झाला आणि पॅकेज डॉट जेसन ही फाईलही, म्हणजे ॲपला लागणाऱ्या पॅकेजेसची (तयार कोडची) यादी, त्यातच आली. एडिटर मात्र अजून बाहेरच्याच फोल्डरवर आहे. त्या दिवशी तुम्ही सीडी ही फोल्डर बदलण्याची कमांड देऊन आत जाता, काम होतं. दुसऱ्या दिवशी नवं टर्मिनल उघडलं की ते पुन्हा ‘प्रोजेक्ट्स’मध्ये सुरू होतं. तिथेच एनपीएम (नोडचं पॅकेजेस आणणारं साधन) वापरून, एनपीएम इन्स्टॉल करून ॲक्सिऑससारखं एखादं पॅकेज घेतलं, तर एनपीएम तक्रार करत नाही. बाहेर दुसरं पॅकेज डॉट जेसन आणि पॅकेजेस साठवणारा दुसरा नोड मॉड्यूल्स फोल्डर गुपचूप तयार होतो.

आणि ॲप चालतंही! कारण आतल्या नोड मॉड्यूल्समध्ये पॅकेज मिळालं नाही, की ते एकेक पायरी वरच्या फोल्डरमध्ये शोधलं जातं. आम्हाला तुम्ही फक्त ‘दुकान’ पाठवता. त्याच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये ॲक्सिऑसची नोंदच नसते, त्यामुळे बिल्ड तिथेच अडतं आणि तुमचा अख्खा दिवस जातो.

म्हणून ॲप तयार झाल्याबरोबर फाईल मेनूतून ओपन फोल्डर घ्या आणि ‘दुकान’च निवडा. डावीकडच्या एक्सप्लोररमध्ये सर्वांत वर ‘दुकान’ हे नाव आणि त्याखाली थेट पॅकेज डॉट जेसन दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत काहीही इन्स्टॉल करू नका.

गोंधळ आधीच झाला असेल, तर बाहेरच्या पॅकेज डॉट जेसनमधली नावं बघून ती पॅकेजेस आत पुन्हा इन्स्टॉल करा. मगच बाहेरचं पॅकेज डॉट जेसन, लॉक फाईल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाईल) आणि नोड मॉड्यूल्स काढून टाका. खात्रीसाठी ‘दुकान’ची प्रत नोड मॉड्यूल्स वगळून वेगळ्याच जागी ठेवा, तिथे इन्स्टॉल करून चालवा. तिथे चाललं तर आमच्याकडेही अडण्याचं फारसं कारण उरत नाही.

सर्व्हरवर आम्ही एनपीएम सीआय ही लॉक फाईलप्रमाणेच पॅकेजेस बसवणारी कमांड वापरतो. पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाईल जुळली नाही तर ती कमांड थांबते, हे काही ग्राहकांना जाचक वाटतं. पण त्यामुळेच तुम्ही तपासलेली आवृत्ती आणि लोकांना दिसणारी आवृत्ती यांत तीच पॅकेजेस राहतात, म्हणून हा नियम आम्ही सैल करत नाही.

सुरुवातीची मांडणी आमच्याकडूनही करून घेता येते. फोल्डर, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) आणि एडिटरची सेटिंग्ज लावून तयार प्रोजेक्ट मिळतो, तुम्ही थेट पहिल्या पानापासून काम सुरू करायचं. स्वतः करणार असाल, तर पाठवताना लॉक फाईल जरूर ठेवा आणि नोड मॉड्यूल्स वगळा. पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाईलही झिपमध्ये नको. तिच्यातली माहिती सर्व्हरवर कुठे भरायची, ते आम्ही काम घेताना दाखवतो.