मिश्री लावणाऱ्या बाईची नोंद कुठे करायची?

‘सिगारेट किंवा विडी ओढता का?’ एवढाच प्रश्न विचारून पाहणी केली, तर महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न जवळपास सुटला आहे असे वाटेल. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत राज्यातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी धूम्रपान करणाऱ्या अवघ्या १.४ टक्के होत्या. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मात्र १६.६ टक्के.

या दुसऱ्या आकड्यात मिश्रीही येते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड सकाळी बोटाने दात-हिरड्यांना लावतात, आणि लावणारीच्या लेखी ते दात घासणे असते, व्यसन नव्हे. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी बाई खोटे बोलत नसते. मिश्री, गुल, तपकीर अशी नावे घेऊनच विचारावे लागते. लघवीतील किंवा लाळेतील कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासले तर निकोटिन शरीरात गेल्याचे कळते, पण ते विडीतून गेले की मिश्रीतून, हे त्यावरून सांगता येत नाही.

वर्तन ठरले तरी उंबरठा ठरवायचा उरतोच. अमेरिकेतील आरोग्य पाहण्यांत आयुष्यात किमान १०० सिगारेटी ओढलेल्या आणि आजही रोज किंवा अधूनमधून ओढणाऱ्या व्यक्तीला धूम्रपान करणारी मानतात. हे माप चिमटीने घेतलेल्या पुडीला लावणार कसे?

शारीरिक हालचालींची व्याख्या तर याहून निसरडी आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला ‘व्यायाम करता का?’ असे विचारले, तर ती हसून नाही म्हणेल आणि कागदावर बैठ्या माणसांच्या रांगेत जाऊन बसेल. म्हणूनच संघटनेच्या प्रश्नावलीत काम, ये-जा आणि फावला वेळ यांची वेगवेगळी चौकशी असते. त्यातही पूर्वी सलग दहा मिनिटे टिकलेली हालचालच हिशेबात धरत. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही अट उरली नाही. दोन दशकांचे आकडे शेजारी मांडून ‘लोक आळशी झाले’ किंवा ‘सुधारले’ असे म्हणणाऱ्या बातम्यांकडे मी त्यामुळे जरा संशयानेच पाहतो, कारण दोन्ही वेळच्या प्रश्नावल्या त्यांत क्वचितच छापलेल्या असतात.