शॉर्टवेव्हवरची वेळ आणि कोकणचे दर्यावर्दी

रत्नागिरी, दाभोळ, जयगडकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर गेली. भर समुद्रात रेखांश काढायचा तर अचूक वेळ हवी. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणून घड्याळ ४ सेकंद चुकले की विषुववृत्तावर जहाजाची जागा १ सागरी मैलाने चुकते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली, त्यामागे जहाजांसाठी वेळ राखण्याची हीच गरज होती. बंदरात क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचे अचूक घड्याळ, जुळवायचा आणि पुढचे बंदर येईपर्यंत त्याच्यावरच भिस्त ठेवायची.

ही अडचण रेडिओने सोडवली. आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतणाऱ्या शॉर्टवेव्ह लहरी हजारो किलोमीटर जातात. ५, १० किंवा १५ मेगाहर्ट्‌झवर कान लावला की वेळ प्रसारित करणाऱ्या केंद्राचा सेकंदासेकंदाचा ठोका ऐकू येई. ३०० किलोमीटरमागे तो साधारण १ मिलिसेकंद उशिरा पोचतो, पण नौकानयनात एवढ्याने काही बिघडत नाही. आपलेही असे केंद्र होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५९ मध्ये ‘एटीए’ सुरू केले. पुढे वेळ उपग्रहावरून आणि इंटरनेटवरून मिळू लागली आणि एटीए बंद पडले.

इतरत्रही हेच झाले. ब्रिटनने १९८८ मध्ये, जपानने २००१ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००२ अखेर शॉर्टवेव्हवरची वेळ थांबवली. अमेरिकेचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे असेच केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला. विरोध झाला म्हणून ते टिकले.

ही सेवा कालबाह्य म्हणणे मला पटत नाही. जीपीएसचा संकेत सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतो आणि इतका क्षीण असतो की छोट्या यंत्रानेही तो दाबता येतो. जून २०२५ मध्ये इराणजवळच्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या परिसरात शेकडो जहाजांच्या जीपीएसमध्ये अडथळे आले. आखाताच्या त्या वाटेवर आपल्या कोकणातली मुले कामाला असतात. नाविक अधिकाऱ्यांना आजही सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायचे उपकरण, शिकावा लागतो, पण वेळ चुकली तर सेक्स्टंटवरून काढलेला रेखांशही चुकतो. ‘नाविक’ ही आपली स्वतःची दिशादर्शन प्रणाली मोलाची आहे, मात्र तीही उपग्रहांवरच चालते.

डब्ल्यूडब्ल्यूव्ही १० मेगाहर्ट्‌झवर १० किलोवॅटने बोलते. आकाशवाणीची शॉर्टवेव्ह केंद्रे याच्या कितीतरी पट ताकदीची होती. अणुघड्याळे दिल्लीत आहेतच. त्यांची वेळ अरबी समुद्रावर पोचवणारे एक केंद्र पश्चिम किनाऱ्यावर उभारणे देशाला मुळीच जड नाही, आणि ते उभारायला हवे.